पाण्याखालची सांगड

‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. जुन्या-नव्याची सांगड, शेतीची नि उद्योगाची सांगड. पण सांगड ही मुळात पाण्यातली वस्तू आहे, असे वर्गात सांगितले की मुले चकित होतात. दोन होड्या एकमेकींना बांधल्या की ती सांगड. आणि पोहता न येणाऱ्याने तरंगण्यासाठी अंगाला बांधलेले वाळके भोपळे, तीही सांगडच. शब्द एक, पण दोन अर्थांत अंतर मोठे. पहिल्या सांगडीत दोन्ही होड्याच असतात. दुसरीत एक तरंगणारा असतो आणि एक त्याच्यावर भार टाकणारा. खोल पाण्यात दोन माणसांची जोडी लावताना यांपैकी कोणती सांगड आपण घालतो आहोत, हा प्रश्न प्रसंगी जिवावरचा ठरतो.

हिंगोलीच्या माणसाने समुद्राच्या तळाविषयी लिहावे, याचे वाचकांना हसू येईल. आमचे पाणी म्हणजे कयाधू, पूर्णा नि पैनगंगा. अथांग काही पाहायचे तर सिद्धेश्वर नाहीतर इसापूर धरणाच्या भिंतीवर जाऊन उभे राहायचे. पण अलीकडे आमच्याकडची मंडळीही सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरतात आणि परत आल्यावर महिनाभर माशांच्या गोष्टी सांगतात. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्याँ या जोडीने श्वासाबरोबर हवी तेवढीच हवा देणारे यंत्र सिद्ध केले, आणि माणसाला माशासारखे हिंडणे शक्य झाले. ही करामतही जोडीचीच, हे ध्यानात घ्यावे.

मालवणला हौशी पाहुण्याला प्रशिक्षक हाताला धरून उथळ पाण्यात नेतो नि आणतो. तिथे पाहुणा म्हणजे भोपळ्याला बांधलेले मूल. कोण कोणाला सांभाळणार याबद्दल कोणाचाच गैरसमज नसतो. खरा पेच पुढे येतो. रीतसर शिकून प्रमाणपत्र मिळवलेली मंडळी जेव्हा गटाने बुडी मारायला जातात, तेव्हा त्यांच्या दोघादोघांच्या जोड्या लावतात. या जोडीदाराला इंग्रजीत ‘बडी’ म्हणतात, आणि बडीविना बुडी नाही, असा या विद्येचा दंडक आहे. आता होडीत आठ जण असले, आणि त्यांतल्या कोणाच्या पाच बुड्या झालेल्या, तर कोणाच्या पाचशे, तर जोड्या लावायच्या कशा? दोन नवखे एकत्र दिले तर दोघेही गांगरणार. म्हणून पुष्कळदा मुरलेल्याच्या गळ्यात नवखा बांधतात आणि प्रश्न सुटला असे मानतात.

तो सुटत नाही, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने समजावले. वसमतकडचा हा मुलगा नोकरीनिमित्त किनाऱ्यावर गेला आणि तिथे ही विद्या शिकला. त्याची आठवी बुडी होती. जोडीदार मिळाला एक अनुभवी गृहस्थ, हातात पाण्याखालचा कॅमेरा घेतलेला.

“सर, खाली गेल्यावर पाचव्या मिनिटाला ते एका माशाच्या मागे लागले,” तो म्हणाला. “मी त्यांच्या मागे. धडपडीने श्वास फुललेला. काट्याकडे बघतो तर हवा झपाझप उतरतेय. खूण केली, पण ते वळूनच बघेनात. मग दिसेनासे झाले. शिकवलं होतं तसं एक मिनिट शोधलं आणि सावकाश वर आलो. ते आले पुष्कळ वेळाने. मी बरोबर नव्हतो, हे त्यांना होडीत चढल्यावर कळलं!”

“म्हणजे तू मोठ्या संकटातून वाचलास,” मी म्हटले.

“मी तर वर आलोच होतो, सर. एकटे ते खाली होते. त्यांची नळी तटली असती, पायात जाळं अडकलं असतं, तर त्यांना कोण होतं?”

या प्रश्नावर मला उत्तर सुचेना. जोडी ही नवख्याच्या सोयीसाठी असते, असेच आपण धरून चालतो. पण नवखा जर केवळ भार असेल, तर मुरलेला माणूस जोडीत असूनही एकटाच असतो. एकाच समुद्रात असणे म्हणजे सोबत नव्हे.

पाण्याचे गणित ऐकले म्हणजे हे अधिक पटते. दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर एका श्वासाला पृष्ठभागापेक्षा दुप्पट हवा लागते, वीस मीटरवर तिप्पट. त्यात नवखा भ्यायलेला, हातपाय मारणारा. त्याची टाकी आधी रिकामी होते. २०० बार दाबाने भरलेली टाकी ५० बार उरेपर्यंत वर यावे, असा सामान्य संकेत आहे. तेव्हा जोडीची हवा म्हणजे दोघांची बेरीज नव्हे. ज्याची कमी, तेवढीच जोडीची हवा. खोलीचेही तसेच. पहिल्या प्रमाणपत्राला अठरा मीटरची मर्यादा आणि जोडीदाराला तिसाची मुभा असली, तर त्या दिवशी दोघांनाही अठराच. घाबरून श्वास कोंडून वर झेपावले तर फुप्फुसात फुगलेली हवा फुप्फुस फाडू शकते. म्हणून चूक झाल्यावर पळून येण्याची सोयही नाही.

मग काय करावे? उतरण्यापूर्वी खरे बोलावे. किती बुड्या झाल्या, शेवटची कधी झाली, भीती कशाची वाटते. या बाबतीत आमच्या जिल्ह्याला मोठी परंपरा आहे. नामदेवांचे जन्मगाव मानली जाणारी नरसी इथलीच. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव रुसले खरे. पण पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. जाणती मंडळीही नव्या जोडीदाराला आधी उथळ पाण्यात नेऊन पाहतात. ते थापटणेच होय. त्यात अपमान नाही. थापटल्यावाचून भट्टीतून काढलेले मडके पाण्याला नेऊ नये, एवढेच.

दुसरे, एकमेकांची तपासणी. जाकीट, वजने, पट्टे, हवा हे सारे दोघांनी एकमेकांचे हात लावून पाहायचे. प्रत्येकाजवळ श्वासाची एक जादा नळी असते. दुसऱ्याची हवा संपली तर ती त्याला कशी द्यायची, हे नवख्यालाही सरावाने आले पाहिजे. तो दुबळा असेल, पण निरुपयोगी असता कामा नये. दर उन्हाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत विहिरीची वा तळ्याची ती एकच बातमी येते: एक बुडू लागला, पट्टीचा पोहणारा वाचवायला गेला, दोघेही गेले. काठावरच्यांपैकी कोणाला दोर टाकायचे सुचले असते तर? मदतीला फार मोठे कौशल्य लागत नाही. पण लागते ते आधी शिकलेले असावे लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. पाण्याखाली अंगठा वर केला म्हणजे ‘शाबास’ नव्हे; ‘वर चला’. ही खूण कोणीही, केव्हाही करावी, आणि दुसऱ्याने कारण न विचारता वर यावे, असा शिष्टाचार आहे. पाचशे बुड्यांच्या माणसाने पाच बुड्यांच्या पोराचा अंगठा मानायचा! ज्येष्ठतेचा एवढा सुंदर वापर मी जमिनीवर फारसा पाहिलेला नाही.

तेव्हा या सुट्टीत कोणी बुडी मारायला निघालेच असाल, तर माशांची चौकशी मागाहून करा. आधी विचारा: माझा जोडीदार कोण? आणि त्याला आपल्याविषयी जे खरे आहे ते सांगून टाका.