धागा जळून जातो, लेस मात्र उरते! 'ड्रेस्डेन लेस'च्या बाहुल्या नेमक्या असतात काय?

पोर्सिलेनची एक इवलीशी बाई. घेरदार झगा, हातात पंखा आणि झग्याला लेसच्या झालरींचे थरावर थर. लेस इतकी नाजूक, की जाळीतलं एकेक भोक मोजता यावं. फोटो बघून वाटतं, बाहुलीला खरं कापड चिकटवलं असणार. पण ती लेसही पोर्सिलेनचीच असते.

या बाहुल्यांना जगभर 'ड्रेस्डेन लेस' म्हणतात. ऑनलाइन लिलावांमध्ये त्या सर्रास दिसतात आणि घेणारे फसतातही सर्रास. म्हणून आधी ही भानगड समजून घेऊ.

लेस बनते कशी?

यासाठी खरोखरची सुती लेस वापरतात. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांची बारीक भुकटी पाण्यात कालवून सायीसारखा पातळ घोळ करतात. लेस त्यात बुडवली, की घोळ धाग्याधाग्यात मुरतो. ती ओली असतानाच चुण्या घालून बाहुलीच्या अंगावर बसवतात आणि वाळली की बाहुली भट्टीत जाते.

भट्टीत सुती धागा जळून नाहीसा होतो. मागे उरते ती धाग्याभोवती बसलेली पोर्सिलेनची पातळ नळी. म्हणजे तुम्ही बघता ती लेस नसते, लेसचा ठसा असतो. अस्सल पोर्सिलेन साधारण १४०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यात वस्तू आकसते, त्यामुळे लेसची जाळी मूळ कापडापेक्षाही बारीक दिसते.

गंमत म्हणजे भट्टीची एवढी धग सोसलेली ही लेस बोटाच्या साध्या धक्क्याने तुटते. कारण आतून ती पोकळ असते.

हे जर्मनीतच का?

पूर्वी पोर्सिलेन युरोपात चीन आणि जपानमधून यायचं आणि प्रचंड महाग असायचं. सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याला त्याचं वेड होतं. योहान फ्रीडरिश बोटगर नावाचा तरुण 'मी सोनं बनवू शकतो' असं सांगत फिरत होता. राजाने त्याला डांबून ठेवलं. सोनं काही बनलं नाही, पण शास्त्रज्ञ चिर्नहाउसच्या साथीने १७०८ च्या सुमारास त्याला पोर्सिलेनचं गणित सुटलं. १७१० मध्ये राजाने कारखाना काढला आणि तो ड्रेस्डेनजवळच्या मायसेन गावातल्या किल्ल्यात हलवला. पुढे शिल्पकार योहान योआखिम केंडलरने तिथे घेरदार झग्यातल्या बायका आणि दरबारी जोडप्यांच्या मूर्ती घडवल्या. त्यांची नक्कल युरोपभर झाली.

एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्गाच्या हातात पैसा आला. मायसेन परवडत नव्हतं, पण दिवाणखान्यात तसं काहीतरी हवं होतं. ही मागणी ड्रेस्डेन परिसरातल्या आणि शेजारच्या थुरिंगियातल्या कारखान्यांनी भागवली. लेसवाल्या बाहुल्यांची खरी चलती झाली ती याच काळात.

खरा घोळ इथे आहे

'ड्रेस्डेन' हे एका कारखान्याचं नाव नाही. शहरात रंगकाम करणाऱ्या कितीतरी कार्यशाळा होत्या. अनेक जण कोरा पांढरा माल दुसरीकडून आणून त्यावर रंगकाम करत. १८८३ मध्ये चार कार्यशाळांनी मिळून निळ्या मुकुटाखाली 'ड्रेस्डेन' अशी खूण नोंदवली. हेलेना वोल्फसोन यांच्या कार्यशाळेने तर राजाच्या नावाची 'एआर' ही आद्याक्षरं वापरली. मायसेनने त्यांना कोर्टात खेचलं आणि ती खूण सोडायला लावली.

मायसेनची खूण म्हणजे निळ्या रंगातल्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी. तिच्याही नकला झाल्या. विसाव्या शतकात तर जर्मन साच्यांवरून आयर्लंडमध्ये 'आयरिश ड्रेस्डेन' बाहुल्या बनल्या. त्या सुंदर आहेत, पण जुन्या जर्मन नाहीत. विक्रेता 'ड्रेस्डेन, अँटिक' एवढंच लिहीत असेल, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

घेण्याआधी काय बघायचं?

- तळाचा फोटो मागा. अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यामुळे तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे तळावर 'जर्मनी' असेल, तर वस्तू बहुधा त्यानंतरची. 'यूएस झोन' असेल, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातली. अशी बाहुली अजून शंभर वर्षांचीही नाही.
- लेस जवळून बघा. थोडीफार तूट जवळपास प्रत्येक जुन्या बाहुलीत असते. पण 'किरकोळ तूट' म्हणजे किती, हे फोटोतच बघा.
- बोटं आणि मान तपासा. डागडुजी बहुतेक तिथेच सापडते. अतिनील टॉर्चखाली जुना गोंद आणि नवा रंग अनेकदा वेगळे चमकतात.
- पॅकिंग आधी ठरवा. बबल रॅप थेट लेसवर घट्ट गुंडाळला, तर बाहुली घरी येईपर्यंत झालरीचा चुरा होतो. मऊ टिश्यू कागद सैलसर लावून, खोक्यात खोकं ठेवून पाठवायला सांगा.

घरी आणल्यावर

फडक्याने कधीच पुसू नका, धागा अडकला की लेस गेलीच. रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. जुना जोड असेल तर पाण्यात बुडवू नका. उचलताना तळाला धरा, झग्याला नाही. काचेचं कपाट असेल तर उत्तम.

मग पैसे गुंतवावेत का?

नफ्यासाठी घेत असाल, तर जपून. अशा बाहुल्या भरपूर बनल्या होत्या आणि आजच्या लहान घरांमध्ये त्यांना पूर्वीइतकी मागणी नाही. चांगली किंमत येते ती ओळख पटलेल्या, धडधाकट वस्तूला. नुसत्या जुन्या वस्तूला नाही.

पण आवडली म्हणून घेत असाल, तर गोष्ट वेगळी. कुणीतरी कधीकाळी विणलेली सुती लेस त्या भट्टीत जळून गेली. तिची वीण मात्र अजून तुमच्यासमोर आहे. ती सांभाळायची तयारी असेल, तरच बाहुली घरी आणा.