पेशंट कोण?

भाताची झोडणी उरकली, कणग्या भरल्या, की मुळशीतल्या मुठा गावात आत्याचा फेरा सुरू होतो. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात पावतीपुस्तक, निळा कार्बन, दोन पेनं आणि शिक्क्याची डबी. गेल्या वर्षी तीन दिवस मी तिच्याबरोबर हिंडले. गावाला वर्गणी नवी नाही. गणपती, सप्ताह, यात्रा, शाळेची भिंत, सगळ्याला लोक देतात. कुणाचं ऑपरेशन अडलं असेल तर न मागताही देतात. आत्या मात्र मागते स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी, पुण्यातल्या एका संस्थेकरता. पहिल्याच उंबऱ्यावर तिला विचारतात, "पेशंट कोन हाय?"

आणि पेशंट कुणीच नाही. दाखवायला फोटो नाही, हॉस्पिटलचं बिल नाही. जिच्यासाठी पैसे मागायचे ती बाई अजून आजारी पडलेली नाही. कदाचित शेजारच्या वाडीत लसूण सोलत बसली असेल. आत्या आधी स्वतःचं सांगते. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली, ट्रिपल निगेटिव्ह. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन किंवा हर-टू यांपैकी एखादी खूण सापडते, आणि त्या खुणेवर चालणारी गोळी किंवा इंजेक्शन देता येतं. हिच्यावर तिन्ही खुणा नव्हत्या. आत्या म्हणते, "कडी होती, कुलूप होतं, पण किल्लीचं भोकच नव्हतं." मग किमो, ऑपरेशन, शेक. प्रत्येक किमोला मुठा घाट, पिरंगुट, भुकूम, भूगाव असा प्रवास, आणि परतताना घाटाच्या वळणावर हमखास उलटी. हा आजार परतायचा असेल तर बहुधा पहिल्या तीनेक वर्षांतच परततो. तिची ती वर्षं सरली.

पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायकांत दहा-पंधरा जणींना हा प्रकार असतो. भारतातल्या अनेक अभ्यासांत तो पंचवीस-तीस जणींच्या घरात जातो, आणि आपल्याकडे तो तरुण वयातही बराच दिसतो. मग आपल्या बायकांच्या गाठींचा अभ्यास आपणच करायला नको का? पुण्यात आयसर ही विज्ञान संस्था आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांनी त्यासाठी एकत्र केंद्र उभं केलंय. अशा कामात संमतीनं ठेवलेले गाठींचे नमुने वर्षानुवर्षं जपावे लागतात. त्या बाईला कोणती औषधं दिली, पुढे काय झालं, हे नोंदवावं लागतं. फोन करून "ताई, बऱ्या आहात ना?" विचारणारं माणूस लागतं आणि त्या माणसाला पगार लागतो. देणगीदाराचं नाव कोरलेलं यंत्र हॉलमध्ये दिसतं. हा फोन कुणालाच दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी पैसे मिळवणं फार अवघड.

आत्या हे सगळं दारात उभं राहून सांगत नाही. ती ओसरीवर बसते, पाणी मागते आणि विचारते, "आज भात कंचा शिजलाय?" उत्तर बहुतेक "इंद्रायणी". "आपल्या आज्यांनी कुठं खाल्ला होता इंद्रायणी? वडगाव मावळच्या भात केंद्रातल्या मानसांनी काढला तो. आपल्या आंबेमोहोराचा आन् बाहेरच्या जातीचा संकर केला, वर्सानुवर्सं निवडत बसले, तवा कुठं बियानं हाती आलं." ते साल 1987. संकर आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांचा. संशोधन या शब्दाला मुळशीत याहून चांगलं स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही. बाई पदराची गाठ सोडते ती इथंच.

माळावरच्या एका घरात आत्यानं मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचं नाव घेतलं, तर खाटेवरचे आजोबा उठून बसले. "टाटा? आन् सेनापती बापट इसरलीस व्हय गं?" टाटांच्या धरणाविरुद्धचा, सेनापती बापटांचा 1921 चा मुळशी सत्याग्रह इथं शाळेच्या पुस्तकापुरता नाही. आत्या शांतपणे म्हणाली, "तात्या, ते हॉस्पिटल 1962 पासनं अणुऊर्जा खात्याकडं हाय. सरकारचं." मग तिनं तिथल्या चाचणीचं सांगितलं. 2010 ते 2020 या काळात ट्रिपल निगेटिव्हच्या 720 बायकांवर तिथं एक चाचणी झाली. नेहमीच्या किमोबरोबर कार्बोप्लॅटिन दिलं तर काय होतं, हा प्रश्न. हे औषध जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं. त्यावर दहा वर्षं खर्च करण्यात औषध कंपनीला काय मिळणार? अशाच प्रश्नांना लोकांचा आणि सरकारचा पैसा लागतो. डिसेंबर 2022 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले: पन्नाशीपर्यंतच्या ज्या बायकांना ते औषध मिळालं, त्यांच्यात पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे सुमारे अकरांनी जास्त.

आजोबांची सून चुलीपाशी ऐकत होती. "मग आत्या, तुमाला दिलं ते आवशद?"

"न्हाय गं. पन्नाशीच्या पुढच्या बायांना त्याचा तसा फायदा दिसला न्हाय. आमचं आजून शोधायचं हाय. तुझं वय काय?"

"एकोणचाळीस."

आत्या पुढे काही बोलली नाही. सून आत गेली आणि शंभराची नोट घेऊन आली.

पावतीवर 80जी छापलेलं असतं. त्या करसवलतीसाठी रोख देणगी 2000 रुपयांपर्यंतच चालते आणि पॅन नंबर लागतो. पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं मोबाइलमधून नंबर वाचून दाखवतात. बाकीच्यांना करात सूट नकोच असते, पण पावती हवी असते. एकीनं वीस रुपये दिले आणि नाव सासूचं नाही, स्वतःचं घालायला लावलं, माहेरच्या आडनावासकट. कुणी पैशांऐवजी पायलीभर तांदूळ घालतं. तो आत्या पिरंगुटच्या दुकानात विकते आणि जो दर मिळेल तो पावतीवर चढवते. "बरं व्हईल" असं ती कुणालाही सांगत नाही. एका बाईनं खोदून विचारलं तेव्हाही सांगितलं नाही, आणि ती बाई काहीच न देता आत गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर हिशेब झाला. तीन हजार एकशे साठ रुपये आणि चार पायल्या इंद्रायणी. एका पावतीवर कार्बन उलटा लागला होता. आत्यानं ती पावती रद्द केली, तिरकी रेघ मारून सही केली आणि उद्या त्या घरी पुन्हा जायचं म्हणून पिशवीत वर ठेवली.