गाडी आजोबांची, पार्ट वालीवचा

निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी... वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधून जाताना एखाद्या अंगणात, आंब्याखाली, ताडपत्रीत गुंडाळलेलं धूड दिसलं तर जरा थांबा. चारही टायर बसलेले आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांना छोट्या पंखासारखी वर आलेली कड दिसली, तर ती बहुतेक फियाट आहे. घरच्यांना विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं. आजोबांची आहे, कधीतरी चालू करायचीय.

हे 'कधीतरी' इंजिनमुळे अडत नाही बरं का. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं ते इंजिन इतकं साधं आहे की जुना मेकॅनिक बोलता बोलता खोलून ठेवेल. गाडी अडते ती दाराच्या रबरावर, ब्रेकच्या एका सीलवर, स्टीअरिंगला जोडलेल्या गिअरच्या दांड्याखालच्या बुशवर. पार्ट मुठीत मावेल एवढा असतो. फक्त तो मिळत नाही.

आणि गंमत म्हणजे ही गाडी काही दुर्मिळ नव्हती. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून ती बनायची. पन्नाशीच्या दशकातली 'डुक्कर फियाट' आठवणारे आजोबा अजून भेटतील. नाकाडामुळे पडलेलं ते नाव. मग १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. फियाटबरोबरचा करार संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. म्हणजे नाव बदललं, पुढची जाळी बदलली, पण आतलं बरंचसं तेच राहिलं. शतक संपता संपता उत्पादन थांबलं.

उत्पादन थांबलं म्हणून पार्ट लगेच बंद झाले नाहीत, कारण मुंबईची काळी-पिवळी. टॅक्सी रोज चालते, रोज झिजते, त्यामुळे पद्मिनीच्या क्लच प्लेटपासून दाराच्या हँडलपर्यंत सगळ्याला गिऱ्हाईक होतं. जिथे गिऱ्हाईक तिथे बनवणारा. वाडीतल्या फियाटवाल्याला कल्पनाही नव्हती, पण त्याची गाडी दादर-परळच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालत होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. एक तरी टॅक्सी जपून ठेवा, अशी मागणी तेव्हा टॅक्सी संघटनेने केली होती. सोशल मीडियावर आपण सगळ्यांनी हळहळून स्टोऱ्या टाकल्या. पण टॅक्सीबरोबर तिच्या पार्टचा बाजारही आटणार, हे फारसं कुणी बोललं नाही.

मग शोध सुरू होतो तो भंगारापासून. कुर्ल्याचा जुन्या पार्टचा बाजार, चोर बाजार, चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाउसकडची स्पेअर पार्टची दुकानं. त्याहून लांब जायची तयारी असेल तर दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट्टै. जाताना जुना पार्ट सोबत न्या, नुसता फोटो नको. डिलाइटचा आणि पद्मिनीचा दिवा फोटोत सारखाच दिसतो आणि घरी आल्यावर स्क्रूची भोकं जुळत नाहीत. पावतीही मागा. इंजिन किंवा इंजिनाचा ब्लॉक घेणार असाल तर पावतीशिवाय घेऊच नका. त्यावर नंबर कोरलेला असतो, तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो आणि चोरीचा निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

नशीब असेल तर दुकानदार माळ्यावरून कंपनीचं जुनं खोकं काढतो. न वापरलेला, सीलबंद, ओरिजिनल पार्ट! हौशी लोक यावर जीव टाकतात. धातूचा पार्ट असेल तर खुशाल टाकावा. रबर असेल तर मात्र हात आवरा. ब्रेकचं सील खोक्यात असलं तरी त्याचं वय वाढतच असतं. पंचवीस वर्षांत ते कडक होतं, बारीक भेगा पडतात. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. एका चाकाचं सील फुटलं की ऑइल गळतं आणि पेडल सरळ खाली जातं. नायगाव-जूचंद्रच्या ट्रॅफिकमध्ये हे कळणं परवडणारं नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असायचं. ते घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात गेली की कायमची. तेव्हा ब्रेकच्या बाबतीत ओरिजिनलचा हट्ट सोडा, नव्या मालाचे बनवून घ्या.

बनवून घ्यायचे कुठे? इथे आपलं गाव कामाला येतं. वसई स्टेशनच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर हा सगळा गाळ्यांचा पट्टा. एका गाळ्यात लेथ, पलीकडे डाय बनवणारा, त्याच्या मागे रबर मोल्डिंग, कोपऱ्यावर प्लेटिंग. आपल्यातले निम्मे जण तिथून फक्त हायवेला जायला जातात. पण गाडीचा कुठलाही छोटा पार्ट नव्याने घडवायला जी कामं लागतात, ती बहुतेक सगळी या पट्ट्यात होतात. परदेशात फियाट ११००चे नव्याने केलेले काही पार्ट मिळतात, इटलीत तर या गाडीचे चाहते आहेतच. पण तिकडून मागवायचं म्हणजे कुरिअर, कस्टम आणि शेवटी आपल्या मॉडेलला बसेल का हा जुगार. त्यापेक्षा शेअर रिक्षा बरी.

फक्त गाळ्यात जाऊन 'याच्यासारखाच करून द्या' म्हणू नका. हीच पहिली फसगत. गिअरच्या दांड्याचं बुश झिजलेलं असतं, म्हणून तर गिअर पडत नाही. ते जसंच्या तसं कॉपी केलं की झीजसुद्धा कॉपी होते. माप बुशचं नाही घ्यायचं. ते ज्या पिनवर फिरतं ती पिन आणि ज्या भोकात बसतं ते भोक, यांचं घ्यायचं, आणि पिनेचंही न झिजलेल्या टोकाकडे. चांगला टर्नर हे न सांगता करतो. तुम्ही पिन घेऊन गेला नसलात तर तो तुम्हाला परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे.

दुसरी फसगत ओतकामाची. समजा काच खाली-वर करायचं हँडल तुटलंय. जुनं हँडल वाळूत दाबून साचा केला आणि अ‍ॅल्युमिनियम ओतलं, तर नवं हँडल लहान येतं. धातू थंड होताना आक्रसतो, अ‍ॅल्युमिनियम साधारण सव्वा ते दीड टक्का. हँडलला हे चालून जाईल. पण २०० मिलिमीटर लांबीच्या ब्रॅकेटवर फरक अडीच-तीन मिलिमीटरचा पडतो आणि बोल्ट बसत नाही. पॅटर्न बनवणाऱ्या जुन्या कारागिरांकडे म्हणून मुद्दाम थोडी मोठी आखलेली पट्टी असते. विद्यावर्धिनी किंवा विवामध्ये मेकॅनिकल करणाऱ्यांनो, हाच तुमचा चान्स. पार्ट स्कॅन करायचा, कॅडमध्ये झीज भरून काढायची, आक्रसण्याएवढा मोठा करायचा, थ्रीडी प्रिंट काढून तोच पॅटर्न म्हणून द्यायचा. लाकडात पॅटर्न कोरणारा आता सहज सापडत नाही, ती जागा लॅपटॉप भरून काढू शकतो. प्रिंट केलेलं प्लास्टिकच थेट गाडीत बसवायचा मोह मात्र नको. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या पुढे जातो. बसवायचंच असेल तर एबीएससारखं तापमान सोसणारं घ्या.

सगळ्यात छळतं ते रबर. दारांची, काचांची, डिकीची लांबलचक पट्टी. तिचा डाय बनवणं फार अवघड नाही, पण गाळ्यातला माणूस एका गाडीपुरती पाच-सात मीटर पट्टी काढायला मशीन लावत नाही. त्याचंही बरोबर आहे, मशीन सेट करण्यातच त्याचा अर्धा दिवस जातो. हे गणित एकट्याने सुटत नाही. वीस-पंचवीस फियाटवाले एकत्र आले, डायचा खर्च वाटून घेतला, तर सगळ्यांचं काम होतं आणि डाय पुढच्यांसाठी शिल्लक राहतो. खरं तर काळी-पिवळी नकळत हेच करत होती, सगळ्यांसाठी मिळून मागणी धरून ठेवत होती. आता ते ठरवून करावं लागेल. शिवाय रबर हा आपल्याकडे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि २०१८ च्या जुलैसारखं पाणी तुंबलं तर विचारायलाच नको. पट्टी फाटली की पाणी दारात उतरतं, फ्लोअरमध्ये साचतं, आणि पत्रा आतून जातो. पत्रा गेल्यावर बाकीचे पार्ट मिळवून उपयोग काय?

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनली तेव्हा असं काही नव्हतं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा फुगवतं, मऊ करतं, आणि हवेतलं पाणी ओढून टाकीला गंज आणतं. म्हणजे तुम्ही महिनाभर फिरून अगदी ओरिजिनल नळी मिळवलीत, तर तीच इंजिनाशेजारी पेट्रोल गळवण्याची शक्यता जास्त. इथे इथेनॉल सोसणारी नवी नळी हवी. बाहेरून काळी असली म्हणजे झालं.

मग 'ओरिजिनल' राहिलं काय? कायद्याने विचाराल तर, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५ हजार. अट ही की गाडी रोजच्या वापराला नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच काढायची. १९७० ची डिलाइट यात बसते. पप्पांची १९८५ ची पद्मिनी २०३५ पर्यंत थांबेल. तोवर तिचं नेहमीचं आरसी नूतनीकरण आणि फिटनेस, आणि तिथे ब्रेक लागतो का हे आधी बघतात, बंपर चकाकतो का हे नाही. माझं मत विचाराल तर जुन्या सीटवरचा फाटका रेक्झिन तसाच ठेवा, आजोबांच्या कोपराने उडालेला दाराचा रंगही तसाच ठेवा, आणि नव्या ब्रेकवर पैसे घाला. शोरूमसारखी चकाचक करून आणलेली फियाट बघायला छान असते, पण त्यात आजोबा कुठेच नसतात.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा महासंघ आहे, फिवा. त्यांच्या ट्युरिन चार्टरमध्ये एक साधी गोष्ट सुचवलीय: बदललेल्या पार्टवर सहज नजरेत येणार नाही अशी, पण टिकणारी खूण करा. पुढे कुणी गाडी खोलली तर कंपनीचं काय आणि नंतरचं काय हे त्याला कळावं म्हणून. वालीवच्या गाळ्यात बंपरची ब्रॅकेट करून घ्याल तेव्हा टर्नरला सांगा, मागच्या बाजूला वर्षाचा पंच मारून दे. एका मिनिटाचं काम आहे, बहुतेक वेळा तो त्याचे पैसेही लावत नाही.