बोर्ड गेलाय म्हणण्याआधी

सात-आठ वर्षं वापरलेला लॅपटॉप एक दिवस सुरू व्हायचं नाव घेत नाही. दुकानात नेला की बहुतेकदा दोनपैकी एक निकाल कानावर येतो: ‘बोर्ड गेलाय’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’. पहिल्यात खिसा रिकामा होतो, दुसऱ्यात फोटो आणि फायली जातात. दोन्ही निदानं कधीकधी अगदी बरोबरही असतात. हरकत एवढीच, की काय बिघडलं हे ठरवण्याआधी विचारायचा प्रश्न त्यांत विचारलेलाच नसतो. यंत्र कुठपर्यंत पोचलं आणि मग थांबलं? याचं उत्तर नीट मिळालं तर निम्मे संशयित तिथेच सुटतात, आणि ते मिळवायला बहुतेक वेळा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा क्रम ठरलेला आहे. बोर्डावरची एक छोटी नियंत्रक चिप आधी वीज येतेय का ते बघते आणि निरनिराळ्या भागांचे व्होल्टेज चालू करते. मग प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डावरच साठवलेला बायोस चालवू लागतो. बायोस रॅम तपासतो, पडद्यावर कंपनीचा लोगो आणतो, डिस्क शोधतो आणि कारभार विंडोजच्या हाती देतो. या पायऱ्या पुढेमागे होत नाहीत. त्यामुळे गाठलेली प्रत्येक पायरी ही तिच्या आधीच्या सगळ्या भागांच्या बाजूची साक्ष ठरते. लोगो दिसला, बायोसचा पडदा उघडला आणि तो दहा मिनिटं तसाच राहिला, तर वीज, प्रोसेसर, रॅम आणि पडदा आपापलं काम करताहेत. एवढं दिसूनही बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारायचा पूर्ण हक्क आपल्याला आहे.

दिवाही लागत नसेल तर संशय अडॅप्टरपासून सुरू करावा. त्याच्यावरचा हिरवा दिवा मात्र फसवा असतो. जुना अडॅप्टर मोकळा असताना मल्टिमीटरवर १९ व्होल्ट व्यवस्थित दाखवतो आणि लॅपटॉपचा भार पडताच मान टाकतो. म्हणून त्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा आणि तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघणं हीच खरी परीक्षा. बॅटरी सहज निघत असेल तर ती आणि अडॅप्टर दोन्ही काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावं; नियंत्रक चिप अडकली असेल तर एवढ्याने सुटते. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र सगळे प्रयोग बंद. ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही.

पंखा फिरतो पण पडदा काळा, हा प्रकार सगळ्यात जास्त घाबरवतो आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचा वाचला जातो. कॅप्स लॉकचं बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर आत यंत्र बहुधा चालू आहे. अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसलं तर गेलाय तो मागचा प्रकाश. एचडीएमआयने टीव्ही जोडून त्यावर चित्र आलं तर पडदा किंवा त्याची केबल दोषी. टीव्हीही काळाच राहिला तर पाळी रॅमची. कोकणपट्टीच्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढायला वेळ लागत नाही. अडॅप्टर काढून, बॅटरीची जोडणी सोडवून रॅम बाहेर काढायची, पट्ट्या पुसायच्या, घट्ट बसवायची. रॅम दोन असतील तर एकेक लावून बघायची. ठरावीक बीप किंवा दिव्याची उघडझाप हीसुद्धा माहितीच असते, पण तिचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा आपल्या मॉडेलची पुस्तिका बघावी.

लोगोनंतर अडलेल्या लॅपटॉपमध्ये डिस्क किंवा विंडोज यांचा संशय येतो. पण जुन्या यंत्रात तिसराही एक उमेदवार असतो: बोर्डावरची तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर २०३२. ती संपली की बायोस तारीख आणि सेटिंग विसरतो. त्यात डिस्कशी बोलायची पद्धत बदलली तर धडधाकट विंडोजही निळा पडदा दाखवतं. नवी बॅटरी घालून सेटिंग पूर्ववत केलं की काम होतं. अशा लॅपटॉपला फॉरमॅट मारणं म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडणं. विंडोज बिघडलंय की यंत्र, हे ठरवायला लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून सुरू करावं. डिस्कला हात न लावता यंत्र चाललं तर बोर्डाचा प्रश्न बहुतांशी मिटला, आणि डिस्क वाचता येत असेल तर फायली तिथूनच बाहेर काढता येतात. दुरुस्तीचे उपाय त्यानंतर. आचके देणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवली तर ती तासन्‌तास राबते आणि उरलासुरला जीवही जाऊ शकतो. डिस्क टकटक वाजत असेल तर बटण पुन्हा दाबूच नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे: बिघाड नेहमी एका जागी थांबत नाही. सैल रॅम आज पास होते, उद्या नापास. पण ही अनिश्चितताही काही सांगते. दर वेळी एकाच ठिकाणी अडणारं यंत्र सहसा डिस्ककडे किंवा विंडोजकडे बोट दाखवतं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी कोसळणारं रॅम, वीज किंवा उष्णतेकडे. म्हणून तीन-चार वेळा सुरू करून ते कुठे अडतं हे कागदावर लिहावं, अर्थात डिस्क टकटकत नसेल तरच. हे सामान्य माणसाचं काम नाही, असंही म्हटलं जातं. सोल्डरिंग नाहीच, पण बघणं आणि लिहिणं आहे, आणि तो कागद हाती पडला तर चांगल्या कारागिराचाही वेळ वाचतो.

मुळात एवढ्या जुन्या यंत्रासाठी खटपट कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या जवळपास सगळ्या प्रोसेसरना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे बोर्ड खरोखरच गेला असेल तर तो बदलण्यात शहाणपण क्वचितच. रॅम, नाणेबॅटरी किंवा डिस्कचा दोष असेल तर हिशोब वेगळा: एसएसडी आणि लिनक्स घातलेलं यंत्र लिहिण्या-वाचण्याला आणि मुलांच्या अभ्यासाला सहज चालतं. भंगारात द्यायचं ठरलं तरी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालता येते आणि दुसऱ्या संगणकावर वाचता येते. काही पातळ मॉडेलांत साठवण बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे हा मार्ग बंद. आणि डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, म्हणून त्या खात्याचा पासवर्ड आधी शोधून ठेवलेला बरा.