पॅनेल हललं म्हणून फॉर्मॅट मारू नका

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि भोसरी ते चाकण पट्ट्यातल्या लहान शॉपवाल्यांपुढे प्रश्न आला. कोटेशन, ड्रॉइंग आणि डिलिव्हरी चलनापुरता ठणठणीत चालणारा, पण विंडोज ११ च्या अटींत न बसणारा पीसी भंगारात काढायचा का? बऱ्याचदा तशी गरज नसते, असा पीसी लिनक्सवर मजेत चालतो. तारांबळ उडते ती पुढच्या मोठ्या अपग्रेडला. लिनक्सच्या डेबियन १२ वरून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ वर गेलं, की त्यावरचा केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप ५.२७ वरून एकदम ६.३ वर उडी मारतो. थीम विस्कटते, विजेट गायब होतात, आणि ओळखीतला कॉम्प्युटरवाला फोनवरच निकाल देतो: ‘फॉर्मॅट मारून टाका.’

‘अपग्रेडने माझी सेटिंग उडवली’ ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते आणि ती बहुधा चुकीची असते. तुमच्या आवडीनिवडी होम फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात असतात (डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबा, दिसेल). अपग्रेड प्रोग्राम बदलतं, होममध्ये हात घालत नाही. मग वागणूक का बदलते? कारण केडीई साधारणपणे तुम्ही मुद्दाम बदललेल्या गोष्टीच लिहून ठेवतं. ज्याला कधी हात लावला नाही, ते त्या-त्या आवृत्तीच्या मूळ नियमाने चालतं. प्लाझ्मा ५ मध्ये फाइल एका क्लिकला उघडायची, ६ मध्ये मूळ नियम डबल क्लिकचा झाला. तुमची सेटिंग उडाली नाही, ती तुम्ही केलेलीच नव्हती. सिस्टीम सेटिंग्जमध्ये एकदा बदला, की पुढे तुमचाच शब्द चालतो.

विजेटचं कारण वेगळं. प्लाझ्मा ६ हा क्यूट ६ या नव्या पायाभूत सॉफ्टवेअरवर उभा आहे. प्लाझ्मा ५ साठी लिहिलेलं विजेट त्याच्या लेखकाने नव्याने जुळवून दिल्याशिवाय चालत नाही, तुम्ही दहा वेळा इन्स्टॉल करा. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांचंही तेच: सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली. त्यामुळे उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणाऱ्यांची जुनी एक्स्टेन्शन्स बंद पडली.

दोष नक्की कुठे, हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे नवा युजर काढून त्यात लॉगिन करणं. तिथे सगळं ठीक दिसलं तर सिस्टीम निर्दोष आहे, गोंधळ तुमच्या जुन्या फाइलींत आहे. फक्त पॅनेलच बिघडलं असेल तर लॉगआउट करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने कन्सोलवर जा आणि ‘डॉट कॉन्फिग’मधल्या, नावाच्या शेवटी ‘अ‍ॅपलेट्सआरसी’ असलेल्या प्लाझ्माच्या डेस्कटॉप फाइलचं नाव बदला. परत आलात की कोरं पॅनेल मिळतं. वॉलपेपर आणि डेस्कटॉपवरची विजेट पुन्हा लावावी लागतात, बाकी सगळं जागेवर.

‘थीम म्हणजे नुसते रंग, तिने काय बिघडणार?’ हा मात्र महागात पडणारा गैरसमज. ग्लोबल थीम आपल्यासोबत कोड आणू शकते आणि तो तुमच्या अधिकाराने चालतो. मार्च २०२४ मध्ये केडीई स्टोअरवरची एक ग्लोबल थीम लावताच एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या. त्यानंतर केडीईच्या लोकांनीच बाहेरच्या थीम जपून घ्या असं बजावलं. ज्या पीसीवर पार्टीची ड्रॉइंग आहेत, तिथे डेबियनसोबत आलेली ब्रीझ थीम पुरे. माझ्या मते ती दिसायलाही बरी आहे.

मराठी टायपिंग बंद पडलं की लोक फाँटला दोष देतात. फाँट बहुतेक वेळा जागेवरच असतो. प्लाझ्मा ६ ने जुन्या एक्स-११ ऐवजी वेलँड हे मूळ सेशन धरलं आहे आणि तिथे टायपिंगची साधनं वेगळ्या वाटेने जोडावी लागतात. उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्यासाठी एफसीटीएक्स ५ हे साधन वापरत असाल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड आणि मग व्हर्च्युअल कीबोर्ड इथे जाऊन ते निवडा. भौतिक कीबोर्ड असताना ‘व्हर्च्युअल’मध्ये कोण कशाला बघेल, हा प्रश्न रास्त आहे, पण किल्ली तिथेच आहे. कीबोर्ड लेआउटमधून थेट मराठी इनस्क्रिप्ट लावणाऱ्यांचं गाडं तसंच चालू राहतं. तात्पुरतं जुन्या एक्स-११ सेशनमध्येही जाता येतं, पण त्यावर विसंबू नका. प्लाझ्मा ६.८ पासून ते सेशन काढून टाकणार असल्याचं केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.

‘हे परदेशातलं काम, आपलं कोण ऐकणार?’ तसंही नाही. प्लाझ्मा ६ आला २८ फेब्रुवारी २०२४ ला. त्याच महिन्याच्या २ ते ४ तारखेला केडीईची भारतातली परिषद पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात भरली होती. मराठी टायपिंगमधला दोष केडीईच्या बग नोंदवहीत कुणीही नोंदवू शकतो, आणि तो मराठी लिहिणाऱ्यानेच नोंदवायला हवा.

आणि पॅनेल अपग्रेडने नव्हे, तर शिफ्टगणिक ऑपरेटरच हलवत असतील तर केडीईच्या किऑस्क सोयीने सिस्टीमच्या पातळीवर डेस्कटॉपला कुलूपही लावता येतं.

पुढच्या अपग्रेडआधी एवढं करा: ‘डॉट कॉन्फिग’ आणि ‘डॉट लोकल’ हे दोन्ही फोल्डर एका टार फाइलमध्ये बांधून पेन ड्राइव्हवर ठेवा. ते सुटे कॉपी करू नका, कारण नेहमीच्या पेन ड्राइव्हवर फाइलींच्या परवानग्या टिकत नाहीत.