इंचाला एक फूट

गवंडीकाकांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, अंगठ्याने तोंड दाबलं आणि तिचं दुसरं टोक माझ्या हाती दिलं. मी इमारतीच्या दारापाशी, ते खाली रस्त्याच्या कडेला. नळीतलं पाणी हेलकावे खाऊन थांबलं, तशी त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. दोन्हीकडच्या खुणांवरून अंतर मोजलं. जोतं बरोबर एकवीस इंच उंच निघालं.

"म्हणजे एकवीस फूट," व्हीलचेअरवरून आत्या म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. "आत्याबाई, एवढा लांब ढाळ कशाला? गाडी चढवायची आहे का?"

चौलमध्ये जोती उंचच असतात. इथला पाऊस तीन-चार महिने जमिनीवर ठाण मांडून बसतो, म्हणून घर असो, देऊळ असो, दवाखाना असो, आधी पायऱ्या. रामेश्वराच्या पुष्करणीत उतरायला पायऱ्या, दत्ताच्या डोंगरावर जायला शेकडो पायऱ्या. डोंगर कुणी सपाट करावा असं आत्याने कधी म्हटलेलं नाही. पण ज्या दारात दाखल्यासाठी जावंच लागतं, तिथे दुसऱ्याच्या खांद्यावरून का जायचं, हा तिचा प्रश्न. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून ती तो विचारते आहे.

दाखल्यांच्या या इमारतीला आधी रॅम्प होता. एकवीस इंच चढायला जेमतेम पाच फूट लांबीचा. त्यावर खुर्ची नेताना पुढची चाकं हवेत उचलली जायची, एक जण मागून रेटायचा आणि दुसरा पुढून ओढायचा. उतरताना तर ती डोळे मिटून घ्यायची. बांधणाऱ्याने एकदा बसून पाहिलं असतं तर तो बांधलाच नसता, असं मला ठामपणे वाटतं.

नियम साधा आहे: एकास बारा. एक इंच चढायला एक फूट लांबी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे प्रमाण आहे, आणि गवंड्याच्या फूटपट्टीवर ते इतकं सहज बसतं की तोंडी हिशेब होतो. रुंदी निदान १२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार फूट. वळणावर पाच फुटांची सपाट जागा. दोन्ही बाजूंना कठडा, त्याला दोन उंचींवर दांडे, ९०० आणि ७६० मिलिमीटरवर. खालचा दांडा बसलेल्या माणसाच्या हाताला येतो, लहान मुलांच्याही.

समोर मात्र सरळ एकवीस फूट जागाच नव्हती. पुढे गटार आणि गटारापलीकडे सुपारीची झाडं. काकांनी काडीने मातीत आखलं: भिंतीलगत बारा फूट, कोपऱ्यात सपाट, मग वळून नऊ फूट. बारा इंच आणि नऊ इंच. हिशेब जुळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. तिथून पुढे ते आत्याला विचारल्याशिवाय दोरी बांधेनात.

तीन दिवसांत बाजूच्या विटांच्या भिंती उठल्या. आत मुरूम भरून पाणी मारलं, दुरमुसाने ठोकलं, पुन्हा भरलं, पुन्हा ठोकलं. भराव कच्चा राहिला तर वरचा कोबा पावसाळ्यात खचतो आणि ढाळाचं गणित मोडतं. काँक्रीट पडण्याआधी आत्याने फळ्या टाकायला लावल्या आणि खुर्ची वर घेतली. पहिले बारा फूट ती स्वतःच्या हातांनी चढली. कोपऱ्यात अडकली. वळताना पाय ठेवायची पट्टी भिंतीला लागली. पुढे-मागे, पुढे-मागे, वळेना. काकांनी टेप लावली: चार फूट. पन्हळीच्या पाण्याला वाट राहावी म्हणून त्यांनी एक फूट आत घेतलं होतं.

"काढतो," ते म्हणाले. दीड दिवसाचं काम होतं. भिंत काढली, पाण्याला खालून पाइप दिला. ही चूक सिमेंट सुकल्यावर कळली असती तर कुणीही ती काढली नसती, आणि कागदावर रॅम्प झाला असता.

खरा वाद वरच्या थरावर झाला. काकांचा हात घोटाईचा. रंध्याने, थापीने इतकं गुळगुळीत करतील की त्यात तोंड दिसावं. आत्या म्हणाली, "खरबरीत हवं." त्यांना ते अर्धवट काम वाटत होतं, चाळीस वर्षं लोकांनी त्यांचं घोटकामच वाखाणलेलं. मग तिने श्रावणातल्या ओट्यावरचं शेवाळ आठवायला सांगितलं. त्यावरून सपाट जागीही पाय घसरतो, तर ढाळावर चाकाचं, काठीचं, कुबडीचं काय होईल? काका बराच वेळ गप्प बसले. संध्याकाळी ओल्या कोब्यावर त्यांनी खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, एकसारख्या, घोटकामात घेतली असती तितकीच काळजी घेऊन. मग गोणपाट अंथरून रोज पाणी.

कठड्यासाठी स्टेनलेस स्टीलच घ्यायचं ठरलं. रेवदंड्याकडून येणारी खारी हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाते, आणि गंजलेला दांडा तळहात फाडतो.

हे सगळं कुणाच्या मर्जीवर नाही. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम सांगतो की जुन्या सार्वजनिक इमारतीही नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. नियम जून २०१७चे. म्हणजे मुदत २०२२मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे मापदंड नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करायला सरकारला फर्मावलं. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांच्यासारख्यांसाठी रॅम्पच्या तोंडाशी पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या फरश्या लागतात. त्या आम्ही बसवल्या, पण आधी विसरलो होतो; आठवण करून दिली ती काठी घेऊन चालणाऱ्या एका शेजाऱ्याने.

अकराव्या दिवशी गोणपाट निघालं. आत्या निघाली. बारा फूट, वळण, नऊ फूट. मी मागे चालत होतो, हात पाठीशी बांधून, कारण तिने तसं बजावलं होतं. पडवीत पोहोचून तिने श्वास घेतला, खुर्ची दाराकडे वळवली आणि थांबली.

दारात उंबरा होता. सागवानी, अडीच इंच उंच.

काका खाली वाकले, बोटांनी उंची मोजली आणि सुताराला फोन लावला.