हृदयातील चोरवाट

छातीत एकाएकी धडधड सुरू झाली, दहा-वीस मिनिटांनी तशीच एकाएकी थांबली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सारे पूर्ववत झाले, असे सांगणाऱ्या तरुणाला आपल्याकडे बहुधा ‘पित्त झाले असेल’ असे उत्तर मिळते. मुलगी असेल तर ‘घाबरट’ असा शिक्काही बसतो. अशा काही तक्रारींच्या मुळाशी हृदयात जन्मतः राहून गेलेली एक जादा विद्युतवाट असते.

निरोगी हृदयात वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत संदेश जाण्यास एकच अधिकृत मार्ग असतो. त्यावरील ‘एव्ही नोड’ हे केंद्र संदेशाला क्षणभर थांबवून मगच पुढे सोडते. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला ते व्हाउचर पास करणाऱ्या अधिकाऱ्यासारखे वाटते. जादा वाट म्हणजे मागचे दार. संदेश रीतसर खाली जातो, मागच्या दाराने वर येतो आणि पुन्हा त्याच रांगेत उभा राहतो. हे चक्र सुरू झाले की ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेच्या घरात जातात.

१९३० साली वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या डॉक्टरांनी अशा ११ रुग्णांची नोंद केली. त्यावरून ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ हे नाव पडले. ईसीजीत पीआर अंतर ०.१२ सेकंदांहून कमी भरते आणि उंच लाटेच्या पायथ्याशी तिरकस चढ दिसतो. परंतु काही वाटा फक्त खालून वर वाहतात. त्यांची खूण एरवीच्या ईसीजीत उमटतच नाही. म्हणून धडधड चालू असतानाचा ईसीजी लाखमोलाचा. धुळे-जळगाव असो वा चोपडा-शिरपूर, जवळच्या दवाखान्यात त्याच क्षणी जावे. त्या कागदावरील रेघा पुढे पुसट होतात, म्हणून झेरॉक्सही काढून ठेवावी. ही कारकुनी सवय येथे उपयोगी पडते.

अनेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. मात्र वरच्या कप्प्यांत अनियमित कंपन सुरू झाले आणि ते या चोरवाटेने वेगाने खाली उतरले, तर क्वचित प्राणावर बेतते. अशा वेळी ठोके कमी करणारी व्हेरापामिलसारखी नेहमीची औषधे उलट घातक ठरतात. म्हणून निदानाची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असावी. धडधडीसोबत भोवळ आल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

१९६८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. सीली यांनी एका मच्छीमाराची छाती उघडून ही वाट कापली. आज जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात, वाट नेमकी कोठे आहे ते तपासतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने काही मिलिमीटरचा तो ठिपका निकामी करतात. शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्णांत हा उपाय यशस्वी होतो. वाट एव्ही नोडला खेटून असेल तर त्यालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका असतो. तो डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारावा.

खर्चाचा प्रश्न उरतोच. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. आज तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रुग्णालय ठरविण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला भेटावे, आणि तपासणी व उपचार एकाच बैठकीत होणार काय, याचे अंदाजपत्रक लेखी मागावे.